आकाशातले ओझे, डोक्यावरचे ओझे

पहिल्या महायुद्धातील जर्मन वायुनौकांचे नाव निघाले की लंडनवरचे बाँबहल्ले प्रथम आठवतात, आणि ते स्वाभाविकच आहे. काउंट झेपेलिनची पहिली नौका १९०० साली उडाली. १९१५ पासून त्याच जातीच्या अजस्र नौका इंग्लंडमधील गावांवर रात्री बाँब टाकू लागल्या. पाचशेहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत घरी झोपलेली बायकामुलेही होती. परंतु आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत ती हकीकत बाँबची नव्हे, ओझ्याची आहे. आणि तिचे एक टोक आपल्या पनवेलहून फार दूर नाही. ते मुंबई बंदरात आहे.

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून हिंदी सैन्य घेऊन जहाजांचा ताफा निघाला. जर्मन पूर्व आफ्रिका, म्हणजे मुख्यतः आजचा टांझानिया, जिंकावयाचा असा सरकारचा बेत होता. त्या सैन्यात १०१ वी ग्रेनेडियर पलटण होती, ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे पायदळही होते. नोव्हेंबरच्या आरंभी हे लोक टांगा बंदरावर उतरले आणि पराभव पावून परत जहाजांवर चढले. फॉन लेटो-फोर्बेक या जर्मन सेनापतीने आफ्रिकी शिपायांच्या बळावर हे युद्ध पुढे चार वर्षे लांबविले.

मात्र त्याचा समुद्रमार्ग इंग्रज आरमाराने बंद केला होता. १९१७ पर्यंत दारूगोळा व औषधे संपत आली. तेव्हा जर्मनीने ठरविले की सामान आकाशातून पाठवावयाचे. त्यासाठी ‘एल ५९’ ही वायुनौका सुमारे ७४० फूट लांबीची करण्यात आली. आत हलक्या धातूचा सांगाडा, त्यात हायड्रोजन वायूच्या पिशव्या, वरून कापड. या पिशव्यांना गुरांच्या आतड्यांच्या पातळ पडद्याचे अस्तर असे. एका नौकेसाठी लाखांनी गुरांची आतडी लागत. नौका आफ्रिकेतून परतणारच नव्हती. तिच्या कापडाचे तंबू व्हावेत, सांगाड्याचा बिनतारी यंत्रणेच्या मनोऱ्यासाठी उपयोग व्हावा, असा हिशेब आधीच झाला होता.

२१ नोव्हेंबर १९१७ रोजी बल्गेरियातील यांबोल येथून ती निघाली. जवळजवळ १५ टन सामान होते: काडतुसे, मशीनगनी, औषधे, टपाल. वाळवंटात दिवसा उन्हाने वायू फुगे व बाहेर सोडावा लागे. रात्री गारठ्याने तो आकसे आणि नौका खाली येई. खार्टूमच्या पश्चिमेस पोचल्यावर बिनतारी संदेशाने तिला परत बोलाविण्यात आले, कारण उतरण्याचा प्रदेश इंग्रजांच्या हाती पडल्याची बातमी आली होती. ९५ तासांत सुमारे ६,७५० किलोमीटर जाऊन ती २५ तारखेस यांबोलला परतली. त्याच दिवशी लेटो-फोर्बेक रोवुमा नदी ओलांडून पोर्तुगीज मुलखात शिरला. पुढे ७ एप्रिल १९१८ रोजी माल्टाकडे जाताना ही नौका पेटली. सर्व खलाशी मेले.

हा पराक्रम इतिहासात नोंदला गेला. पण आम्ही आयुष्यभर हमालांत वावरलो, म्हणून आम्ही निराळा हिशेब मांडतो. एका माणसाच्या डोक्यावर २५ किलो धरले, तर १५ टन म्हणजे सहाशे माणसांचे ओझे. ते पोचले नाही, तरी युद्ध थांबले नाही. कारण दोन्ही बाजूंचे सामान माणसेच वाहत होती. त्या मुलखात रस्ते नव्हते, आणि त्सेत्से माशीच्या रोगाने बैल-घोडे मरत. इंग्रजांनी लाखो आफ्रिकी लोक हमाल म्हणून नेले. केनियात त्यासाठी सक्तीचा कायदा झाला. जर्मनांनीही गावेच्या गावे राबविली, धान्य उचलले. इंग्रजांकडील हमालच सुमारे लाखभर मेले. गोळीने थोडे, हगवण, ताप व उपासमार यांनी पुष्कळ. कित्येकांची थकलेली मजुरी त्यांच्या वारसांना कधीच मिळाली नाही.

वायुनौकेवरच्या काडतुसांची मोजदाद कागदोपत्री शेकड्यापर्यंत सापडते. हमालांची मोजदाद मात्र अंदाजाने. ही चूक गणिताची नाही. ज्याचे मोल मानले जाते त्याचीच नोंद ठेवली जाते, आणि नोंद नसली की मजुरी मागावयासही जागा राहत नाही. हजेरीपटावर नाव चढविण्यासाठी कामगाराला भांडावे का लागते, हे यावरून कळावे.

दार-एस-सलाम शहरात ‘कारियाकू’ नावाचा मोठा बाजार आहे. हमालांच्या त्या दलाला इंग्रजीत ‘कॅरिअर कोअर’ म्हणत. त्याचाच हा अपभ्रंश. सरकारी दप्तराने त्या माणसांची नावे टाकली, परंतु बाजाराने त्यांच्या कामाचे नाव राखले. एल ५९ ची कथा सांगताना तेही नाव सांगितले पाहिजे, एवढेच आमचे मागणे आहे.