वल्ही ठेवल्यानंतर

नावेच्या पाठफळीला अडकवायच्या इंजिनाचा इतिहास सहसा एका नावाने सुरू होतो. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे त्याचे उत्पादन आरंभले. पत्रव्यवहार, हिशेब आणि जाहिरात सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी बेस यांचा उल्लेख मात्र ओझरताच होतो. शोधाला लाभणारा मान सांभाळण्याच्या कामाला मिळत नाही, हे येथेही दिसते.

२०२० मध्ये एव्हिनरूड इंजिनांचे उत्पादन थांबले. तरीही आजोबांनी घेतलेले १९५०च्या दशकातील इंजिन एखादा नातू आजही चालवतो. त्यासाठी पेट्रोलमध्ये योग्य प्रमाणात तेल मिसळावे लागते, प्लग आणि ठिणगीचे संपर्कबिंदू साफ करावे लागतात. थंडाव्याचे पाणी खेचणारी रबरी पंखी कडक झाली की बदलावी लागते. अन्यथा इंजिन तापून निकामी होते.

भाग बदलत जातात, तरी घर त्याला आजोबांचेच इंजिन म्हणते. असा वारसा केवळ जपून ठेवण्याने टिकत नाही. दर हंगामात तो पुन्हा कमवावा लागतो. ही निनावी मेहनत वगळून लिहिलेला यंत्राचा इतिहास अपुराच म्हणावा लागेल.