लहान होतां बळावणारा धातु

तांब्याची जाड तार असो कीं केसाहून बारीक तार असो, धातु तोच. तेव्हां जाडीच्या मानानें दोहींचें बळ सारखेंच भरावें, अशी यंत्रशास्त्राची जुनी धारणा होती. तिला तडा कसा गेला, ही कथा मोठी मनोरंजक आहे.

१९२६ सालीं रशियांतील फ्रेंकेल यांनीं अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकविण्यास किती जोर लागावा याचें गणित मांडलें. उत्तर आलें तें मऊ धातूंच्या प्रत्यक्ष बळाहून हजारों पटींनीं मोठें! हें कोडें सुटावयास १९३४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं टेलर, ओरोवान व पोलान्यी या तिघांनीं, परस्परांपासून स्वतंत्रपणें, एकच उलगडा सुचविला. अंथरलेलें जड जाजम ओढूं गेल्यास हलत नाहीं. पण एका कडेस चुणी पाडून ती पुढें ढकलीत नेली, तर सारें जाजम सहज सरकतें. स्फटिकांतही अणूंच्या रांगांना अशाच चुण्या असतात. त्यांना भ्रंश म्हणावयाचें.

मग जेथें भ्रंश जवळजवळ नाहींत, तो स्फटिक बळकट ठरावयास हवा. १९५२ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत हेरिंग व गाल्ट यांनीं कथलावर आपोआप उगवणारे अतिसूक्ष्म तंतु वांकवून पाहिले, तों त्यांचें बळ फ्रेंकेल यांच्या आंकड्याच्या आसपास पोहोचलें.

पुढें १९९४ सालीं फ्लेक व त्यांचे सहकारी यांनीं १२ ते १७० मायक्रोमीटर जाडीच्या तांब्याच्या तारा पिळल्या. सर्वांत बारीक तार मानानें सुमारें तिप्पट कणखर निघाली; नुसतें ताणलें असतां मात्र फारसा फरक दिसेना. पिळलेल्या तारेच्या कडेला ताण अधिक, मध्यभागीं शून्य. ही विषमता सांधण्यास जादा भ्रंश लागतात व ते एकमेकांची वाट अडवितात, असा त्याचा अर्थ लावण्यांत आला. अर्थ सुबक खराच. पण २००४ सालीं उचिक प्रभृतींनीं निकेलच्या एकाच स्फटिकांतून कोरलेले सूक्ष्म खांब सरळ दाबले. तेथें पीळ नाहीं, विषमता नाहीं. तरी बारीक खांबच अधिक कणखर!

येथें संगणकाचें साहाय्य मोलाचें ठरलें. प्रत्येक भ्रंशरेषेचे तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्यावर इतरांचा जोर किती तें काढावयाचें, आणि क्षणाक्षणानें त्यांना पुढें सरकवावयाचें, असें हें कंटाळवाणें पण प्रामाणिक गणित. त्यांत दिसलें तें असें: मायक्रोमीटरभर जाडीच्या खांबांत नवे भ्रंश उपजविणारी रेषा पृष्ठभागाशीं तुटून आंखूड होते, आणि आंखूड रेषा फिरविण्यास जोर जास्त लागतो. दुसरा पक्ष म्हणे, भ्रंश पृष्ठभागांतून निसटून जातात व आंत त्यांचा दुष्काळ पडतो. अणुगणिक मांडलेल्या हिशेबाची अडचण निराळी. प्रयोगशाळेंत मिनिटें घेणारी क्रिया त्याला नॅनोसेकंदांत उरकावी लागते. त्यामुळें त्याचा शब्द जपूनच घ्यावा लागतो.

वाद मोठ्या खांबांपुरता पहिल्या पक्षाकडे झुकला. पण २००८ सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं दोनशे नॅनोमीटरांहून बारीक निकेलचा एक खांब दाबला जात असतां दिसलें, कीं आधीं भ्रंशांनीं गच्च भरलेला तो खांब दाबल्यावर अगदीं स्वच्छ झाला होता.