मॉरिस, डेझमंड

मॉरिस, डेझमंड जॉन (जन्म : २४ जानेवारी १९२८, पर्टन, विल्टशर). इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ, दूरचित्रवाणी निवेदक, लेखक व अतिवास्तववादी चित्रकार. ‘द नेकेड एप’ (१९६७) या पुस्तकाने त्यांचे नाव जगभर पोचले आणि संशोधन सोडून लोकप्रियतेच्या मागे गेलेला शास्त्रज्ञ, असा शिक्काही त्यांच्यावर बसला. हा शिक्का अन्यायाचा आहे. माशांच्या टाकीपुढे बसून त्यांनी निरीक्षणाची जी रीत आत्मसात केली, तीच पुढे प्राणिसंग्रहालयात, कॅमेऱ्यासमोर आणि माणसांच्या गर्दीत वापरली. त्यांचे लेखन कुठे भक्कम आहे आणि कुठे डळमळते, हेही त्या रीतीच्या कसोटीवरच ठरते.

बर्मिंगहॅम विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मॉरिस १९५१ मध्ये ऑक्सफर्डला प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांच्याकडे गेले. प्राण्याने काय केले ते आधी काटेकोरपणे टिपायचे, का केले हे नंतर विचारायचे, ही तिथली शिस्त होती. मॉरिस यांच्या वाट्याला दहा काट्यांचा स्टिकलबॅक हा बोटाएवढा मासा आला. विणीच्या काळात याचा नर काळाकुट्ट होतो, पाणवनस्पतींत घरटे बांधतो आणि उड्या घेत नाचून मादीला तिथवर नेतो. या हालचालींचा क्रम, त्यांतले अडथळे आणि अपवाद नोंदवून त्यांनी १९५४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९५७ मध्ये त्यांनी एक महत्त्वाची कल्पना मांडली : प्रेरणा कमी असो वा जास्त, काही संकेत ठरावीक जोमानेच केले जातात, त्यामुळे पाहणाऱ्याची गफलत होत नाही. माणसाच्या हावभावांकडे ते पुढे वळले, त्याची मुळे या विचारात दिसतात.

१९५६ मध्ये ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ग्रॅनाडा कंपनीच्या दूरचित्रवाणी व चित्रपट विभागाचे प्रमुख झाले आणि ‘झू टाइम’ ही मालिका सादर करू लागले. १९५९ मध्ये सस्तन प्राणी विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मालिकेतला सर्वांचा लाडका चिंपांझी म्हणजे काँगो. त्याच्या हाती पेन्सिल देऊन मॉरिस यांनी जे केले ते प्रेक्षकांना करमणूक वाटले असेल, पण त्याची मांडणी प्रयोगाची होती. कोरा कागद दिला की काँगो काय करतो, मध्यभागी चौकोन काढलेला असला तर काय करतो, चौकोन एका बाजूला सरकवला तर काय, हे त्यांनी क्रमाने तपासले. आकृती एका कडेला असली की काँगोचे फटकारे बहुधा दुसऱ्या बाजूला पडून कागदाचा तोल साधत. पुढे रंग आणि कुंचला मिळाल्यावर पंख्यासारख्या पसरणाऱ्या रेषांची त्याची खास धाटणी तयार झाली. चित्र पुरे झाल्यासारखे वाटले की तो पुढे काढायला नकार देई. १९५७ मध्ये लंडनच्या समकालीन कला संस्थेत या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि त्याची वृत्तपत्रांत पुष्कळ थट्टा झाली. मॉरिस यांनी मात्र ‘द बायॉलॉजी ऑफ आर्ट’ (१९६२) या पुस्तकात कपींच्या चित्रांचा पद्धतशीर विचार केला. स्वतः चित्रकार असल्यामुळे, आणि १९५० मध्येच अतिवास्तववादी चित्रकार जोन मिरो यांच्याबरोबर चित्रे मांडलेली असल्यामुळे, रेषेकडे पाहण्याची नजर त्यांच्यापाशी होती.

‘द नेकेड एप’वरचा गंभीर आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. माकडे व कपी यांच्या १९३ जातींमध्ये माणूस हा अंगावर केस नसलेला एकच, या निरीक्षणापासून पुस्तक सुरू होते आणि तिथून शिकारी पुरुष, घर सांभाळणारी स्त्री, जोडी टिकवण्यासाठी घडलेले शरीर अशी उत्क्रांतीची कथा उभी करते. लेखिका एलेन मॉर्गन यांनी ‘द डिसेंट ऑफ वुमन’ (१९७२) मध्ये दाखवून दिले की या कथेत स्त्रीचे शरीर केवळ पुरुषाच्या सोयीसाठी घडल्यासारखे येते. मॉर्गन यांचा स्वतःचा जलचर पूर्वजाचा पर्याय शास्त्रज्ञांनी मानला नाही, तरी त्यांची टीका रास्त होती. लाखो वर्षांपूर्वीचे वर्तन कोणी टिपलेले नाही. तिथे मॉरिस यांनी ऑक्सफर्डची शिस्त सोडली आणि उत्तर आधी दिले. माणसाला इतर प्राण्यांच्या पंक्तीला बसवणे हे या पुस्तकाचे श्रेय खरे, पण त्या श्रेयासाठी कच्च्या कथेची गरज नव्हती.

जिथे ते पुन्हा पाहण्याकडे वळले तिथे हा आक्षेप गळून पडतो. १९७०च्या दशकात ऑक्सफर्डला परतल्यावर ‘मॅनवॉचिंग’ (१९७७) आले, आणि १९७९ मध्ये पीटर कॉलेट, पीटर मार्श व मारी ओशॉनेसी यांच्यासह लिहिलेले ‘जेस्चर्स’. युरोप व भूमध्य सागराच्या परिसरातील ४० ठिकाणी २० हावभावांचा अर्थ त्यांनी रस्त्यावरच्या लोकांना विचारला. डोके मागे झटकून ‘नाही’ म्हणण्याची ग्रीसमधली पद्धत दक्षिण इटलीत आढळली, रोममध्ये आढळली नाही. तिचा पट्टा नेपल्सच्या उत्तरेला संपत होता. प्राचीन ग्रीकांच्या वसाहतींचा पट्टाही जवळपास तेवढाच होता. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीची खूण मानेच्या झटक्यात टिकून असावी, हा निष्कर्ष धाडसी आहे. पण त्यामागे नकाशा आहे, गावोगावच्या उत्तरांची नोंद आहे आणि कोणीही तिथे जाऊन ती ताडून पाहू शकतो.