थंडीत गाडीच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी?
डिसेंबर-जानेवारीत कर्जत-खालापूरकडे दुपारी ऊन असलं तरी पहाटे गारठा असतो. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने घटतो. म्हणजे दुपारी ३० अंशांत ३३ भरलेली हवा पहाटे १५ अंशांत ३०च्या आसपास येते. कमी हवेचा टायर वेगात तापतो, फुटूही शकतो. म्हणून एक्सप्रेस-वेला लागण्याआधी आपण एवढं बघूया.

योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो धरू नये. गाडी किमान तीन तास उभी असताना हवा मोजावी. चालून आलेल्या टायरचा आकडा चढलेला दिसतो; तो बघून हवा काढू नये. आणि हो, स्टेपनी विसरायची नाही.