तांडा : चालत्या वस्तीची कुळकथा

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा, मंगरूळपीर, कारंजा या तालुक्यांत मूळ गावापासून थोडी बाजूला, माळाच्या उतारावर किंवा जंगलाच्या कडेला बंजाऱ्यांची जी वस्ती असते तिला तांडा म्हणतात. नायकाचे घर, घरापुढे मोकळे अंगण, जगदंबेचे आणि संत सेवालाल महाराजांचे ठाणे, त्यावर पांढरा झेंडा ही तिची ओळख. श्रावणात तीज सणाच्या टोपल्यांतले गव्हाचे अंकुर नायकाच्याच दारी वाढतात. ही वस्ती मुळात मात्र जमिनीला बांधलेली नव्हती. तांडा म्हणजे लादलेल्या बैलांचा चालता काफिला. तो थांबला आणि गावाच्या शिवेवर टेकला, त्यात बंजाऱ्यांच्या मर्जीपेक्षा राज्यकर्त्यांच्या धोरणांचा आणि पोलिसांच्या दप्तराचा वाटा मोठा आहे.

बैलाच्या पाठीवर माल लादून नेण्याच्या या धंद्याला बंजारे लदेणी म्हणतात. किनाऱ्याकडून मीठ आत यायचे, आतून धान्य आणि कापूस बाहेर जायचा. रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई तो याच बैलांच्या पाठीवरून. मुक्काम पडला की गोण्या उतरवून एकावर एक रचत, त्यांची भिंत होई, वर कापड ताणले की घर तयार. दिवसाची चाल थोडीच, कारण बैल वाटेत चरतच पुढे जायचे. गायरान, पडीक रान आणि जंगल मोकळे असणे हा या व्यापाराचा पायाच होता. चारा विकत घ्यावा लागला असता तर लदेणी एक दिवसही परवडली नसती.

हजारो बैल आणि शेकडो माणसे घेऊन चालणाऱ्या या समाजाला स्वतःचा कायदाही लागत होता. तांड्याचा प्रमुख नायक, त्याच्या हाताखाली कारभारी, आणि तंटा उभा राहिला की नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत. दोन्ही बाजूंचे ऐकून दंड ठरे. बाहेरच्या राज्याशी बोलणी करायची ती नायकाने, तांड्यातल्या माणसाची हमी द्यायची तीही त्यानेच.

जुन्या राजवटींनी ही व्यवस्था मोडली नाही, उलट त्या तिच्यावर विसंबून राहिल्या. सतराव्या शतकात मोगल सरदार आसफखान दक्षिणेत उतरला तेव्हा भंगी आणि जंगी या नायकांचे तांडे त्याच्या फौजेला धान्य पुरवत होते, अशी परंपरा आहे. त्या बदल्यात त्यांना सनद मिळाली. फौजेबरोबर चालताना घरातल्या रांजणाचे पाणी आणि छपराचे गवत घ्यायची मुभा, आणि दिवसाला तीन खून माफ, असा तिचा आशय सांगतात. ती सनद खरीच तशी होती की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी तिच्यातून एक गोष्ट कळते : फिरणे हा त्या काळी गुन्हा नव्हता, ती राज्याची गरज होती. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीनेही आपल्या फौजेच्या दाण्यागोट्यासाठी बंजाऱ्यांवरच भिस्त ठेवली. त्या मोहिमेचा शेवट वऱ्हाडातच, अडगाव आणि गाविलगड इथे झाला.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि पुढच्या तीन दशकांत तांड्याच्या पायाखालची वाट सरकली. १८६७ मध्ये भुसावळहून अकोला, बडनेऱ्यावरून जाणारी रेल्वे नागपूरला पोचली, कापूस आगगाडीत चढला. मिठावर सरकारी कराची आणि परवान्याची पकड होतीच. जंगले राखीव होऊ लागली, चराईला पैसे पडू लागले. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने कोंडवाड्याला सरकारी बळ दिले, आणि पिकात शिरलेली गुरे सोडवायला दंड भरणे आले. यातला एकही कायदा बंजाऱ्यांचे नाव घेऊन झालेला नव्हता. पण बैल, चारा, मीठ आणि वाट या चारही गोष्टी कायद्याच्या कुंपणात गेल्यावर लदेणीला काही उरले नाही.

धंदा बसला तशी काही तांड्यांतली माणसे गुरेचोरी आणि वाटमारीकडे वळली, हे खरे आहे. त्या गुन्ह्यांमागची भूक मात्र नोंदवली गेली नाही, नोंदवली गेली ती जात. वऱ्हाड पोलिसांतले अधिकारी कंबरलेज यांनी बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिले. ते १८६९ च्या सुमाराचे मानतात, १८८२ मध्ये ते पुन्हा छापले गेले. मथुरिया, लभाणा, चारण, ढाडी हे पोटभेद, लग्नाच्या रीती, देवधर्म आणि त्याच ओघात दरोड्याच्या पद्धती, असे सगळे त्यात एकत्र आहे. १८८२ मध्येच मेजर गन्थॉर्प यांचे मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या ‘गुन्हेगार जमातीं’वरचे पुस्तक आले. पुढे रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात बंजाऱ्यांवरचा लेख मुख्यतः कंबरलेज यांच्या टिपणावर बेतला, गन्थॉर्पचाही आधार घेतला. फौजदाराची नजर अशी विद्वानांच्या संदर्भग्रंथात जाऊन बसली, आणि एका समाजाच्या लग्नगीताचा आणि त्याच्यावरच्या संशयाचा उगम एकाच कागदात सापडू लागला. कोणत्याही एका कलमापेक्षा या लिखाणाने केलेले नुकसान जास्त काळ टिकले.

गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. तो आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ च्या कायद्याने तो देशभर लावता येईल असा केला आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. एखादी जमात प्रांतिक सरकारने जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नोंदवही, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडताना परवाना हे सगळे मागोमाग येई. ज्याने काहीच केलेले नाही त्यालाही हे चुकत नसे, कारण इथे पुरावा म्हणून जन्म पुरे होता. यादीत कोणती जमात असावी हे प्रांताप्रांतात वेगळे ठरे. पण यादीबाहेरच्या तांड्यालाही शिक्का चुकला नाही : गावात चोरी झाली की पहिली झडती तांड्याची, ही रीत कायद्याच्या अक्षरापेक्षा दूरवर पसरली.

तांडा स्थिरावला तो या दबावाखाली. गावठाणातल्या जागा आणि चांगल्या काळ्या जमिनी आधीच कुणबी-पाटलांच्या नावावर चढलेल्या होत्या. उरली होती हलकी, मुरमाड जमीन आणि जंगलाची कड. म्हणून वाशीम, यवतमाळ पट्ट्यातले तांडे आजही गावाच्या आत नाहीत, गावाला जोडलेले आहेत.

केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला, आणि या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. महाराष्ट्राने बंजारा-लमाणांना विमुक्त जातींच्या अ गटात घातले, आज त्या गटाला ३ टक्के आरक्षण आहे. हाच समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत आणि कर्नाटकात अनुसूचित जातीत आहे. एका घरातली लेक सीमेपलीकडे दिली की तिथल्या सोयऱ्यांचा प्रवर्ग बदलतो, त्याबरोबर शिष्यवृत्ती आणि निवडणुकीतली राखीव जागाही बदलते. २ सप्टेंबर २०२५ च्या मराठा आरक्षणाच्या शासन निर्णयात निजामकालीन हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला गेल्यावर बंजाऱ्यांनीही त्याच गॅझेटवरून अनुसूचित जमातीची मागणी जोराने पुढे आणली, त्यामागे ही जुनी तफावत आहे.

तांड्याच्या आतला कायदाही बदलत गेला. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील नेमला जाऊ लागला, ग्रामपंचायतीने सरपंच दिला, आणि नायकाची हमी सरकारी कागदावर निरुपयोगी झाली. ३ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने कोणत्याही जातपंचायतीला माणूस वाळीत टाकण्याची बंदी केली. हे आवश्यकच होते. नसाबकडे आता समजूत घालण्यापुरते काम उरले, नायकाचा मान सण-लग्नांत राहिला.

जमिनीचा प्रश्न त्याहून चिवट आहे. महसुली गावाचा दर्जा नसलेल्या तांड्याला स्वतंत्र गावठाण नसते, घराची जागा नावावर होत नाही, आणि निधी मूळ गावाच्या ग्रामपंचायतीतून झिरपत येतो. वसंतराव नाईक तांडा-वस्ती सुधार योजनेतून रस्ते, पाणी, समाजमंदिर अशी कामे होतात. नाईक हे शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, १९६३ ते १९७५ एवढा काळ राज्याचे मुख्यमंत्री. तांड्यात जन्मलेल्या माणसाने राज्याचे शासन निर्णय काढले, याचे अप्रूप या भागात अजून सांगितले जाते.

मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे सेवालाल महाराजांच्या समाधीचे ठिकाण, रामनवमीच्या यात्रेला देशभरातले बंजारे तिथे जमतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्याच्या दोनच दिवस आधी, ३ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंग नियमावल्यांमधली जातीवर आधारलेली कलमे घटनाबाह्य ठरवली. कैद्यांच्या नोंदीतला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातीच्या माणसाला केवळ जन्मावरून सराईत गुन्हेगार धरता येणार नाही, असे बजावले. गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन तेव्हा ७२ वर्षे झाली होती.