बाजदाराची बोटे

परदेशातील एका प्राणिसंग्रहालयात शिकविलेल्या पक्ष्यांची उड्डाणे पाहून झाल्यावर तेथील एका रक्षकाने मला रंगमंचाच्या मागील बाजूस नेले. तेथे एका टेबलावर साधा तराजू होता, फक्त पारड्याच्या जागी एक आडवी दांडी बसविलेली होती. रक्षकाने खूण करताच हॅरिस हॉक जातीचा एक शिकारी पक्षी आपण होऊन त्या दांडीवर उतरला, त्याच्या वजनाचा आकडा वहीत लिहिला गेला, आणि त्या दिवशी त्याला किती मांस द्यावयाचे व त्याला मोकळे सोडावयाचे की नाही, याचा निर्णय त्या आकड्यावरून झाला. पण वही मिटल्यावरही रक्षकाने दोन बोटे पक्ष्याच्या छातीवर ठेवून मधल्या हाडाची धार हलकेच चाचपून पाहिली. त्या दोन बोटांमागे शेकडो वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्याचा फार मोठा भाग आपल्या देशात घडलेला आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९च्या सुमारास रचलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ जुन्या मराठीच्या अभ्यासकांना त्यातील मराठी पदांमुळे परिचित आहे. परंतु राजाच्या विनोदांची गणना करताना मल्लयुद्धे, हत्तींच्या व अश्वांच्या क्रीडा, कोंबड्यांच्या व लावकांच्या झुंजी यांच्याच पंक्तीत सोमेश्वराने श्येनविनोदालाही, म्हणजे शिकारी पक्ष्यांच्या खेळालाही, मानाचे स्थान दिले आहे, याकडे लक्ष जावे तितके जात नाही. पुढे सोळाव्या शतकात कुमाऊंचा राजा रुद्रदेव याने या एकाच विषयावर ‘श्यैनिकशास्त्र’ नावाचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी संपादिलेला हा ग्रंथ १९१० साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केला. रुद्रदेव शिकारी पक्ष्यांचे दोन वर्ग पाडतो, एक काळ्या डोळ्यांच्या पक्ष्यांचा आणि दुसरा पाटल, म्हणजे गुलाबी, डोळ्यांच्या पक्ष्यांचा. आणि नवल असे की, शिकारी पक्षी पाळून शिकविणारे, अक्षरओळखही नसलेले बाजदार पिढ्यान्‌पिढ्या जे ‘स्याह-चश्म’ आणि ‘गुलाब-चश्म’ असे फारसी शब्द वापरीत आले, त्यांतही हाच भेद आहे. उंच आकाशातून भक्ष्यावर झेप टाकणारे लांब पंखांचे ससाणे पहिल्या वर्गातले, तर हातावरून सुटून थोड्याच अंतरात भक्ष्य गाठणारे आखूड पंखांचे बाज आणि शिक्रे दुसऱ्या वर्गातले.

नावांचाही या धंद्यात मोठा काटेकोरपणा असे. शिकारी पक्ष्यांत मादी नराहून मोठी व बलवान असते. म्हणून मुख्य नाव मादीचे आणि नराला निराळे नाव, असा रिवाज पडला. बाज ही मादी, तिचा नर जुर्रा, बाशाचा नर बाशीन, शिक्र्याचा चिपक. आपण ज्याला बहिरी ससाणा म्हणतो तो कानांनी अधू नसून, ‘बह्र’ म्हणजे समुद्र या अरबी शब्दावरून त्याला ते नाव मिळाले आहे.

अकबराच्या दरबारी या सगळ्याला कारखान्याचे स्वरूप आले. अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त पक्षी सांभाळणाऱ्या नोकरांचे दरमहा वेतन जसे नोंदविले आहे, तसाच पक्ष्यांचा शिधाही वजनानिशी दिला आहे : बाजाला सात दाम वजनाचे मांस, जुर्ऱ्याला सहा, बहिरीला पाच. दाम हे तांब्याचे नाणे, आणि त्याचे वजन २१ ग्रॅमांच्या आसपास. म्हणजे बाजाचा वाटा दीडशे ग्रॅमांच्या जवळपास येतो. एवढे मोठमोठे पक्षी पदरी असता बादशहाची आवड मात्र लहानशा बाशावर होती, असेही अबुल फज्ल सांगतो. ही नोंद वाचून मला त्या बादशहाविषयी आपुलकी वाटली. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांच्या यादीत पीलखाना, उष्टरखाना यांच्या जोडीला शिकारखानाही आहेच.

परंतु ग्रंथ राजांचे आणि हात बाजदाराचे. हिवाळ्याच्या तोंडाशी उत्तरेकडून येणारा रानटी पक्षी जाळ्यात सापडला की तो भयाने आपलेच पंख मोडून घेई. म्हणून त्याच्या खालच्या पापण्यांतून बारीक दोरा ओवून डोळे झाकीत, आणि तो जसजसा निवळे तसतसा दोरा सैल करीत. ही क्रिया क्रूर होती. तिच्यामुळे पक्षी वाचत असे हे खरे असले तरी तिचे समर्थन करावयास माझे मन धजत नाही. पुढचे काम मात्र निव्वळ सोशिकपणाचे होते. बाजदार चामड्याचा हातमोजा घालून पक्ष्याला मनगटावर घेऊन रात्रीच्या रात्री जागून काढी. दिवसा भर बाजारातून, टांग्यांच्या खडखडाटातून व पोरांच्या कलकलाटातून त्याला हिंडवून आणी. मुठीवर मांसाचा तुकडा धरून प्रथम वीतभर, मग हातभर, मग लांब दोरीच्या टोकापर्यंतच्या अंतरावरून त्याला बोलावी. आणि अखेरीस एके दिवशी ती दोरीही सोडून देई. त्या क्षणी बाजदाराचा सारा रोजगार आकाशात असे. हत्तीला अंकुश आहे, घोड्याला लगाम आहे. पण या पक्ष्याला एकदा जरी मारले, तरी तो पुन्हा हातावर येत नाही.

तो परत यावा यासाठी त्याला नेमकी किती भूक असावी, हे बाजदाराला बोटांवरून कळे. छातीचे हाड फार धारदार लागले तर पक्षी खंगत चालला आहे. ते मांसात बुडाले असेल तर आज त्याला उडवू नये, तो झाडावर जाऊन बसेल. पिसे झडण्याच्या काळाला हे लोक ‘कुरीज’ म्हणत. त्या काळात गळलेले प्रत्येक चांगले पीस ते जपून ठेवीत. कारण शिकारीत एखादे पीस मोडले तर त्याच जागेचे जुने पीस शोधून, दोहोंच्या पोकळीत बारीक सुई बसवून ते जोडता येई. भारतात एका चामड्यातून कापलेली जी टोपी पक्ष्याच्या डोळ्यांवर चढवीत, ती ‘इंडियन हूड’ या नावाने आजही जगभर वापरली जाते. आणि पक्ष्याच्या पायात बांधावयाच्या लाहोरच्या घुंगरांची मागणी इंग्लंडातील शौकिनांपर्यंत पोचलेली होती.

संस्थाने विलीन झाली आणि त्यांच्या पदरचे शिकारी पक्ष्यांचे खाते बंद पडले. भावनगरच्या राजघराण्यातील धर्मकुमारसिंहजींसारख्या जाणकारांनी ती विद्या काही काळ जिवंत ठेवली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलेसुरले दार मिटले, आणि रानातून पक्षी धरण्याची ती चाल थांबली हे योग्यच झाले. पण त्याच सुमारास अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन बहिरी ससाणा नाहीसा होऊ लागला होता, तेव्हा त्याला वाचविण्यास धावून आले ते हे जुने शास्त्र जाणणारे लोक. पक्षितज्ज्ञ टॉम केड हे स्वतः ससाणे पाळणारे. त्यांनी १९७० साली ‘पेरेग्रीन फंड’ स्थापन केला, पिंजऱ्यात पिल्ले वाढविली, आणि पिल्लांना थोडेथोडे खाऊ घालीत रानात मोकळे करण्याची बाजदारांचीच रीत अवलंबिली. १९९९ साली तेथील संकटग्रस्त जातींच्या यादीतून या ससाण्याचे नाव निघाले.

आपल्याकडे बिहारातील मीरशिकारांची कथा मला तितकीच मोलाची वाटते. पिढीजात पाखरे धरणाऱ्या या लोकांना डॉ. सलीम अली यांच्या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी कामास घेतले. भरतपूरच्या पाणथळीत ते जाळी लावीत, सापडलेल्या बदकाचे पंख न दुखविता ते अलगद मुठीत धरीत, आणि पायात मुंबईच्या संस्थेचे नाव कोरलेले हलके कडे चढले की तीच मूठ उघडून त्याला पाण्यावर सोडून देत.