गोवर्धन : क्षहरात-सातवाहन काळ

नाशिक परिसरातील प्राचीन नगर व त्याच नावाचा ‘आहार’, म्हणजे प्रशासकीय विभाग. इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत येथे आधी क्षहरात क्षत्रप नहपानाचा आणि त्याच्या पाडावानंतर गौतमीपुत्र सातकर्णीचा अंमल होता. त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांतले (पांडवलेणी) शिलालेख हे या काळाच्या माहितीचे मुख्य साधन होय.

नहपानाचा जावई उषवदात याने येथील भिक्षूंना एका लेण्यासोबत ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी (मुद्दलाला हात न लावण्याची ठेव) दिली. ही रक्कम त्याने राजकोशात न ठेवता गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे (कारागीर संघांकडे) सोपवली. त्यांपैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा १ व्याज होते. वर्षाचे २४० कार्षापण येत आणि लेण्यातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ मिळत. उरलेल्या १,००० वर व्याज दरमहा शेकडा पाऊण होते. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदवला गेला. राज्यकर्त्याचे दान कारागिरांचे भांडवल झाले, हा या काळातील सर्वांत महत्त्वाचा बदल मानावा लागेल.

जमिनीच्या दानाची गोष्ट वेगळी. गौतमीपुत्राने राज्यवर्ष १८ मध्ये काखडी गावातील, पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने (जमिनीचे एक माप) शेत भिक्षूंना दिले. राजपुरुषांनी तेथे शिरू नये, मिठासाठी खणू नये, अशा सवलतीही दिल्या. पण वर्ष २४ मधील आज्ञेत गाव ओस पडल्याचे आणि शेत कसले जात नसल्याचे नमूद असून, बदली १०० निवर्तने राजाच्या मालकीची जमीन दिली आहे. राजाज्ञेला कसणारे हात निर्माण करता येत नाहीत, हे यावरून स्पष्ट दिसते.

सामाजिक व्यवहारातही घोषणा व आचरण यांत अंतर होते. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात आपल्या पुत्राने वर्णसंकर थांबवल्याची स्तुती आहे. कान्हेरीच्या लेखात मात्र सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याची राणी शक कार्दमक कुळातील आहे. दुसऱ्या बाजूला शक उषवदातही ब्राह्मणांना गाईंचे व गावांचे दान देई.

नाणी टिकली, ठसे बदलले. जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवला होता. श्रेणी त्याहून चिवट निघाल्या. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या ९ व्या वर्षी विष्णुदत्ता या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ठेव ठेवली, तीही गोवर्धनच्या तेली व इतर कारागीर श्रेणींकडेच.